हरकत नाही: संयुक्त राष्ट्रांच्या अर्थसंकल्पाच्या वाटाघाटींत नव्याने बसणाऱ्यांसाठी

आमसभेच्या पाचव्या समितीत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा पैसा जिथे ठरतो त्या समितीत, नव्याने येणारा माणूस पहिली चूक करतो ती एका शब्दाची. सहमती म्हणजे एकमत, असं तो धरून चालतो. मग पहिल्याच आठवड्यात त्याला दिसतं की समोरासमोर बसलेल्या दोन गटांची तोंडं दोन दिशांना आहेत, कोणी तसूभर हलायला तयार नाही, आणि तरी सगळे शांतपणे सांगतायत की ठराव सहमतीनेच होणार. तिथे तो गोंधळतो.

मराठी माणसाला ही गोष्ट लवकर समजायला हवी, कारण आपल्याकडे तिच्यासाठी रोजच्या वापरातले दोन शब्द आहेत: हरकत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा ठराव 'सर्वानुमते मंजूर' असा इतिवृत्तात लिहिला जातो, तेव्हा तो प्रत्येकाला आवडलेला असतो असं थोडंच? विरोध नोंदवायला कोणी उभं राहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आंतरराष्ट्रीय करारांतही अर्थ हाच आहे. १९८२ च्या समुद्र कायदा करारात समुद्रतळ प्राधिकरणाच्या परिषदेसाठी सहमतीची व्याख्या दिली आहे ती 'कोणतीही औपचारिक हरकत नसणं' अशी. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापना करारातल्या तळटीपेत तर आणखी एक अट आहे: बैठकीला हजर असलेल्या एकाही सदस्याने औपचारिक हरकत घेतली नाही, तर सहमती झाली असं धरायचं. म्हणजे खोलीबाहेर गेलेल्याची हरकत मोजली जात नाही. नव्या माणसाला मी पहिला सल्ला देतो तो याच तळटीपेवरून: खुर्ची सोडू नका.

पुढचं सगळं लिहिलंय ते एखाद्या देशाच्या मिशनमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांसाठीच्या त्याच्या कायम कार्यालयात, नुकतीच नेमणूक झालेल्यांसाठी, सचिवालयात इंटर्न म्हणून जाणाऱ्यांसाठी, आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकताना हा विषय रुक्ष म्हणून बाजूला ठेवलेल्या विद्यार्थ्यांसाठी. विषय रुक्ष नाही. सुरक्षा परिषदेत भाषणं होतात; त्या भाषणांतून निघालेल्या मोहिमेला गाड्या किती, दुभाषे किती, डॉक्टर किती, हे पाचव्या समितीत ठरतं.

पायरी १: पैसा कोणता, ते आधी ओळखा

संयुक्त राष्ट्रांचा म्हणून जो पैसा बातम्यांत येतो तो एका तिजोरीतला नसतो. युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम चालतात ते देणाऱ्याच्या खुशीच्या पैशावर. त्यांच्याशी पाचव्या समितीचा संबंध नाही. समितीच्या हातात असतात ते आकारणीचे पैसे, आणि त्यांचे मुख्य दोन भाग. एक नियमित अर्थसंकल्प, जानेवारी ते डिसेंबरचा. तो २०२४ साठी सुमारे ३.५९ अब्ज डॉलर होता आणि २०२५ साठी ३.७२ अब्ज. दुसरा शांतिसेनेच्या मोहिमांचा, १ जुलै ते ३० जून असा. २०२४-२५ साठी तो साधारण ५.६ अब्ज डॉलर होता.

'वर्गणी' हा शब्द मी इथे मुद्दाम टाळतो. वर्गणी म्हटलं की दारात पावतीपुस्तक घेऊन आलेली मुलं डोळ्यांसमोर येतात, आणि किती द्यायची ते आपण ठरवतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या, म्हणजे तिच्या मूळ कराराच्या, १७ व्या कलमानुसार संघटनेचा खर्च सदस्य देशांनी आमसभा ठरवेल त्या वाटणीने उचलायचा असतो. ती देणगी नाही, देणं आहे. म्हणून आकारणी.

ही वाटणी दर तीन वर्षांनी नव्याने ठरते. १८ सदस्यांची एक समिती तिचा हिशेब मांडते, आणि निर्णय पाचव्या समितीत होतो. पाया असतो देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा. त्यातून दरडोई उत्पन्न कमी असलेल्यांना आणि परकीय कर्जाचं ओझं असलेल्यांना सूट मिळते. कोणाही देशावर २२ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, ०.००१ टक्क्यापेक्षा कमी नाही, आणि अतिअविकसित देशांसाठी कमाल ०.०१ टक्का. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत अमेरिका २२ टक्के, चीन १५.२५४, जपान ८.०३३ आणि भारत १.०४४ टक्के असं चित्र होतं. पुढच्या तीन वर्षांसाठी चीन २० टक्क्यांच्या थोडा वर गेला. हे आकडे तोंडपाठ ठेवा. समोरचा प्रतिनिधी एखाद्या परिच्छेदावर इतका का अडून बसलाय, याचं अर्धं उत्तर त्यांत असतं.

एकदा स्वतः गुणाकार करून बघा. ३.५९ अब्जाचे १.०४४ टक्के म्हणजे ढोबळमानाने पावणेचार कोटी डॉलर. प्रत्यक्ष बिल काही वजावटींनंतर कमी येतं, पण अंदाज हा. किमान दर असलेल्या छोट्या बेटाचा वाटा त्याच हिशेबाने ३६ हजार डॉलरच्या आसपास. अमेरिकेचा सुमारे ७९ कोटी. आणि तिघांचं मत मात्र एकेकच.

पायरी २: मतदान करता येतं, मग करत का नाहीत, हे समजून घ्या

ही पायरी लांब आहे. घाईत असाल तर कॅलेंडरचा भाग आधी वाचा, पण इथे परत या. हा इतिहास माहीत नसलेल्या माणसाला खोलीतल्या अर्ध्या गोष्टी कळत नाहीत.

सनदेचं १८ वं कलम स्पष्ट आहे: अर्थसंकल्पाचे प्रश्न हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोनतृतीयांश बहुमताने ठरतात. सदस्य १९३. सगळे हजर असले तरी १२९ मतं पुरतात. विकसनशील देशांचा जो गट ७७ या नावाने १९६४ पासून ओळखला जातो, त्यात आज १३४ देश आहेत. भारत त्याच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे कागदावर हा गट एकटा अख्खा अर्थसंकल्प मंजूर करू शकतो. ज्यांच्या खिशातून मोठा पैसा जातो त्यांच्याकडे मतं मोजकी, आणि ज्यांच्याकडे मतं आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांचा वाटा छोटा. हा ताण संघटनेच्या जन्मापासूनचा आहे.

तो पहिल्यांदा फुटायला आला १९६४ मध्ये. सुएझ आणि काँगो इथल्या शांतिसेनांचा खर्च द्यायला सोव्हिएत संघ आणि फ्रान्स यांनी नकार दिला होता. हा खर्च संघटनेचाच आहे असं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २० जुलै १९६२ रोजी नोंदवलं, तरी पैसे आले नाहीत. सनदेच्या १९ व्या कलमात लिहिलंय की मागच्या पूर्ण दोन वर्षांच्या देण्याइतकी थकबाकी झाली की आमसभेतलं मत जातं. आता सोव्हिएत संघाचं मत काढून घ्यायचं का? घेतलं तर संघटना उभी फुटेल, ही भीती खरी होती. मग १ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेल्या एकोणिसाव्या अधिवेशनात एक वाट काढली गेली: मतदानच घ्यायचं नाही. मत टाकलंच नाही तर मताचा हक्क आहे की नाही हा प्रश्न उठत नाही. घानाचे अ‍ॅलेक्स क्वेसन-सॅकी अध्यक्ष होते, आणि त्या अधिवेशनात जवळजवळ सगळं 'कोणाची हरकत नसेल तर' या पद्धतीने चाललं. ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की या प्रकरणात १९ व्या कलमाचा आग्रह आपण धरणार नाही, आणि कोंडी सुटली. हरकत नाही म्हणत पुढे जायची सवय या इमारतीला पैशाच्याच भांडणातून लागली, असं मला नेहमी वाटतं.

दुसरा प्रसंग वीस वर्षांनंतरचा. १९८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कासेबॉम-सॉलोमन दुरुस्ती मंजूर केली: अर्थसंकल्पाच्या मतदानात वाट्याच्या प्रमाणात वजन मिळत नाही तोवर अमेरिका २० टक्क्यांपेक्षा जास्त देणार नाही. त्या वेळी तिचा वाटा २५ टक्के होता. 'एक देश, एक मत' सोडायला बाकीचे तयार होणं शक्यच नव्हतं. १८ तज्ज्ञांचा गट नेमला गेला, आणि १९ डिसेंबर १९८६ रोजी ठराव ४१/२१३ आला. त्यात सनदेच्या एकाही अक्षराला हात लावलेला नाही. मतदानाचा हक्क जिथे होता तिथेच राहिला. फक्त असं ठरलं की कामांचा आराखडा आधी तपासणाऱ्या कार्यक्रम आणि समन्वय समितीने सहमतीने चालावं, आणि पाचव्या समितीने शक्य तितक्या व्यापक सहमतीसाठी सर्व प्रयत्न करावेत.

यातली अदलाबदल नीट बघा. मोठ्या देणाऱ्यांना नकाराधिकार मिळाला नाही, पण आपलं ऐकून घेतल्याशिवाय आकडा ठरणार नाही याची हमी मिळाली. बहुसंख्यांनी आपलं बहुमत सोडलं नाही, ते फक्त खिशात ठेवलं. पाचव्या समितीतल्या प्रत्येक रात्री ते खिशात असतंच, आणि सगळ्यांना ते माहीत असतं.

पायरी ३: कॅलेंडर भिंतीवर लावा

अधिवेशनाचे तीन भाग. ऑक्टोबर ते डिसेंबर मुख्य भाग, त्यात नियमित अर्थसंकल्प. मार्चमध्ये पहिला पुढचा भाग, तिथे मनुष्यबळ आणि प्रशासनाचे विषय. मे-जूनमध्ये दुसरा, शांतिसेनांचा. ३० जूनला मोहिमांचं आर्थिक वर्ष संपतं, म्हणून तो जून फार दमवतो.

अर्थसंकल्प पूर्वी दोन वर्षांचा असायचा. २०२० पासून प्रायोगिक म्हणून एका वर्षाचा झाला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तीच पद्धत कायम झाली. जुने दस्तऐवज वाचताना आकडे दुप्पट दिसले तर दचकू नका.

पायरी ४: वाचायला बसा, पण उलट्या क्रमाने

सरचिटणीसांचा प्रस्ताव एका पुस्तकात येत नाही. तो विभागवार पुस्तिकांत येतो: राजकीय कामकाज, मानवी हक्क, आफ्रिकेचा विकास, सभा-व्यवस्था वगैरे. नवा माणूस पहिल्या पुस्तिकेच्या पहिल्या पानापासून सुरू करतो आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतो.

आधी सल्लागार समितीचा अहवाल घ्या. प्रशासकीय आणि अर्थसंकल्पीय प्रश्नांवरची ही समिती १९४६ पासून आहे. २०२१ पासून तिच्यात २१ सदस्य असतात, आणि ते देशांचे प्रतिनिधी म्हणून नव्हे तर व्यक्ती म्हणून निवडून येतात. सरचिटणीसांनी काय मागितलं, का मागितलं, त्यातलं किती पटलं, किती कापावं, हे ती परिच्छेदवार लिहिते. तिची शिफारस वाचली की मग मूळ पुस्तिकेतलं तेवढंच पान उघडा. तिथे बदलांची कारणं तीन कप्प्यांत दिलेली असतात: तांत्रिक फेरबदल, नवीन किंवा वाढलेल्या जबाबदाऱ्या, आणि इतर बदल. पहिल्यावर वाद क्वचित होतो. दुसऱ्यात विचारायचं की ही जबाबदारी दिली कोणत्या ठरावाने. तिसऱ्या कप्प्यावर मात्र पेन्सिल टेकवून थांबा. सचिवालयाने स्वतःच्या विचाराने सुचवलेलं बहुतेक इथे असतं.

एक आकडा मी नव्या लोकांना जवळून दाखवतो, कारण तो दिसायला निरुपद्रवी असतो: रिक्त पदांचा दर. समजा एका कार्यालयात २०० पदं आहेत आणि प्रत्येकाचा वर्षाचा सरासरी खर्च दीड लाख डॉलर. सगळी भरली तर तीन कोटी लागतील. पण वर्षभरात काही पदं रिकामी राहतातच, म्हणून आधीच पाच टक्के कापून २ कोटी ८५ लाख धरायचे. आता वाटाघाटीत कोणी म्हणालं, पाचऐवजी दहा धरू या, तर रक्कम होते २ कोटी ७० लाख. पंधरा लाख डॉलर वाचले, आणि एकही पद रद्द झालं नाही, कोणत्याही देशाला 'आम्ही पदं कापली' असं म्हणावं लागलं नाही. वर्ष उजाडल्यावर मात्र त्या कार्यालयाच्या प्रमुखाला कळतं की सगळी पदं भरली तर पगाराला पैसे पुरणार नाहीत. मग तो भरती लांबवतो, आणि रिक्त पदांचा दर खरोखरच दहाकडे सरकतो. पुढच्या वर्षी तोच वाढलेला दर पुरावा म्हणून समोर येतो. म्हणून या दराचा प्रस्ताव आला की मागच्या बारा महिन्यांची प्रत्यक्ष सरासरी सचिवालयाकडे लेखी मागा. ती मागायचा तुमचा हक्क आहे, आणि लेखी उत्तर सगळ्यांनाच मिळत असल्याने इतर शिष्टमंडळंही आभार मानतात.

आणखी एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमसभेच्या कार्यपद्धतीचा १५३ वा नियम सांगतो की खर्च लागणारा कोणताही ठराव खर्चाचा अंदाज समोर असल्याशिवाय समितीने आमसभेकडे पाठवू नये. तिसऱ्या समितीत मानवी हक्कांवर नवी चौकशी ठरली, की तिचा खर्च लेखी मांडून पाचव्या समितीकडे येतो. अशा अचानक वाढीसाठी राखीव निधी असतो, अर्थसंकल्पाच्या ०.७५ टक्का इतका. इतर समित्यांतले सहकारी कधीकधी ठरावात 'उपलब्ध साधनांतच' असे शब्द घालून खर्चाचा प्रश्न मिटला असं समजतात. त्यांना वेळेवर जाऊन भेटा. ते काम कोणत्या तरी दुसऱ्या कामाचे पैसे खाणार आहे, हे त्यांना बहुतेक वेळा कोणी सांगितलेलंच नसतं.

पायरी ५: माणसं ओळखा

खोलीत १९३ देश बोलत नाहीत, गट बोलतात. गट ७७ आणि चीन, आफ्रिकी गट, युरोपीय संघ, कॅनडा-ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, कॅरिबियन देश, आसियान. अमेरिका, जपान, रशिया, ब्रिटन, स्वित्झर्लंड यांसारखे देश आपापल्या नावानेही बोलतात. तुमचा देश गट ७७ मध्ये असेल तर खरी पहिली वाटाघाट गटाच्या आतच होते. तिथे आफ्रिकी देशांना आफ्रिकेच्या विकासाचा विभाग प्यारा, बेटांना हवामानाचा, आणि मोठ्या विकसनशील देशांना बिल फार वाढू नये याचीही काळजी. तिथली सहमती बाहेरच्या सहमतीपेक्षा सोपी असते असं समजू नका.

प्रत्येक विषयाला वाटाघाटी चालवणारा एक समन्वयक असतो. तो कुठल्या तरी देशाचाच प्रतिनिधी असतो, पण त्या खुर्चीत बसला की त्याने आपला देश बाजूला ठेवायचा असतो. त्याच्याशी पहिल्या दिवशी ओळख करून घ्या, आणि तुमची खरी अडचण कुठली हे त्याला खाजगीत स्पष्ट सांगा. जाहीरपणे दहा मुद्दे मांडणाऱ्याचे खरे मुद्दे दोनच असतात. ते दोन कोणते, हे समन्वयकाला माहीत नसेल तर तो तुम्हाला भलतेच दोन देऊन समाधान करायला बघेल.

तळमजल्याखाली व्हिएन्ना कॅफे म्हणून जागा आहे. तिथल्या छोट्या टेबलांवर जेवढे परिच्छेद सुटतात तेवढे सभागृहात सुटत नाहीत. कॉफी आवडत नसली तरी तिथे बसा.

पायरी ६: मसुद्याची भाषा शिका

ठरावाचा सांगाडा आधी येतो: दोन-चार ठरलेले परिच्छेद, मध्ये मोकळी जागा. त्यातला एक परिच्छेद दर वर्षी जवळजवळ तसाच असतो: 'या ठरावातील तरतुदींच्या अधीन राहून, सल्लागार समितीच्या अहवालातील निष्कर्ष आणि शिफारशींना मान्यता देते.'

या एका वाक्यावर सगळा डाव उभा असतो. समजा सरचिटणीसांनी बारा नवी पदं मागितली. सल्लागार समिती म्हणाली, सात द्या. एका गटाला बाराच्या बारा हवीत, दुसऱ्याला एकही नको. दोघं आपापला परिच्छेद देतात, दोन्ही कंसात बसतात; कंस म्हणजे यावर अजून सहमती नाही. आता दोघंही अडून राहिले आणि दोन्ही परिच्छेद गळून पडले, तर काय उरतं? वरचं वाक्य उरतं. म्हणजे सात पदं. काही ठरलं नाही तरी सल्लागार समितीचा आकडा ठरलेला असतो. म्हणून आपल्याला जो निकाल हवा तो सातच्या वर आहे की खाली, हे आधी बघायचं. सल्लागार समितीच्या शिफारशीवर तुम्ही खूश असाल तर वेळ तुमच्या बाजूने आहे. समोरच्याला तुमची 'हरकत नाही' मिळवावी लागेल. नाखूश असाल तर पहिल्या आठवड्यापासून कामाला लागा, कारण शेवटच्या रात्री कंस काढले जातात तेव्हा मजकुरासकट जातात.

क्रियापदांवर नजर ठेवा. 'मान्यता देते', 'निर्णय घेते', 'विनंती करते', 'प्रोत्साहन देते' या उतरत्या पायऱ्या आहेत. 'नोंद घेते' हे मात्र ना होकार ना नकार; आमसभेने निर्णय ५५/४८८ मध्ये तसं स्पष्टच लिहून ठेवलंय. एका बाजूला 'स्वागत करते' हवं असतं, दुसरीला 'चिंता व्यक्त करते', आणि रात्री अकरा वाजता दोघं 'नोंद घेते' वर येतात. कुठल्याही पक्षाचा तो पराभव नसतो. दोघांनाही राजधानीला कळवता येतं की समोरच्याचं वाक्य आपण ठरावात येऊ दिलं नाही.

कंस घालताना कारण सांगा. 'राजधानीच्या सूचना यायच्या आहेत' हे कारणही चालतं, पण ते खरं असू द्या. इथले काही प्रतिनिधी पाच-सात वर्षं हाच विषय करत असतात आणि त्यांची स्मरणशक्ती लांब असते. ऑक्टोबरमध्ये एकदा गमावलेला विश्वास डिसेंबरपर्यंत परत मिळत नाही.

पायरी ७: शेवटच्या आठवड्याची तयारी

दुभाषे संध्याकाळी सहाला जातात, त्यानंतर सगळं इंग्रजीत. ज्यांची ती रोजची भाषा नाही त्यांच्यासाठी हे कठीण आहे, आणि मला ते अन्यायाचंही वाटतं. तुमचं इंग्रजी चांगलं असेल तर पडद्यावरचा मजकूर वाचायला इतरांना वेळ द्या, तुम्ही घाई करू नका.

या आठवड्यात विषय सुटे राहत नाहीत, एकमेकांत अडकतात. सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नाही, हा इथला नियम. तुमचा आवडता परिच्छेद मंगळवारी सुटला म्हणून निर्धास्त होऊ नका. शुक्रवारी तो दुसऱ्या कशाच्या बदल्यात परत टेबलावर येऊ शकतो. अडलेल्या सगळ्या विषयांच्या एकत्रित सौद्याचा गठ्ठा बांधला जातो तो मोजक्या लोकांच्या छोट्या खोलीत. तिथे तुमच्या गटातर्फे कोण आहे, आणि तुमचे दोन मुद्दे त्याच्या कागदावर लिहिलेले आहेत का, हे डोळ्यांनी बघून घ्या.

राजधानीशी वेळेचं गणित आधी मांडा. हिवाळ्यात दिल्ली न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असते. दुपारी चारला तुम्हाला तातडीचा होकार हवा असेल तर तिथे रात्रीचे अडीच वाजलेत. उलट मध्यरात्री बारा वाजता, युरोपातले लोक गाढ झोपलेले असताना, दिल्लीत साडेदहाचं ऑफिस नुकतंच भरलेलं असतं. अनुभवी भारतीय अधिकारी कठीण प्रश्न त्या वेळेसाठी ठेवतात. बाकीच्यांसाठी उपाय एकच: 'पहिली पसंती, दुसरी पसंती आणि याखाली नाही' अशा तीन ओळी वरिष्ठांकडून आधीच लेखी घ्या.

कधीकधी अंतिम मजकूर मौनावर टाकतात. ठरलेल्या वेळेपर्यंत कोणी लेखी हरकत घेतली नाही की तो मान्य. 'मौनं संमतिलक्षणम्' आपण लहानपणापासून ऐकतो. इथे ते शब्दशः लागू होतं. कोविडच्या सुरुवातीला सभागृह बंद असताना आमसभेनेही मार्च २०२० च्या निर्णय ७४/५४४ ने किमान ७२ तासांच्या मौनाची पद्धत वापरली. मुदतीची वेळ न्यूयॉर्कची आहे हे राजधानीला ठळक अक्षरांत कळवा.

मग औपचारिक बैठक. अध्यक्ष विचारतात, हा मसुदा मतदानाविना स्वीकारायची समितीची इच्छा आहे असं मी समजू का? क्षणभर शांतता, आणि 'तसं ठरलं'. त्यानंतर देश आपली भूमिका स्पष्ट करणारी निवेदनं देतात, काही अमुक परिच्छेदापासून आपण अलिप्त आहोत असंही सांगतात. सहमती त्याने मोडत नाही. हरकत न घेता नाराजी नोंदवण्याची ती हक्काची जागा आहे. तुमचं निवेदन दोन मिनिटांचं ठेवा आणि आधीच लिहून ठेवा. पहाटे चारला चांगली वाक्यं सुचत नाहीत.

पायरी ८: सहमती तुटते तेव्हा

तुटते. २००५ च्या डिसेंबरमध्ये सुधारणांच्या वादातून २००६-०७ चा ३.७९ अब्ज डॉलरचा अर्थसंकल्प मंजूर झाला तो ९५ कोटींच्या पुढे खर्च करायचा नाही या अटीवर. एप्रिल २००६ मध्ये सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या प्रशासकीय सुधारणांवर गट ७७ ने आपला मसुदा मतास टाकला: १०८ विरुद्ध ५०, तीन तटस्थ. खिशातलं बहुमत बाहेर निघालं, जिंकलंही. पण त्या पन्नासांत आकारणीचा बहुतांश पैसा देणारे देश होते, आणि जूनमध्ये खर्चाची मर्यादा उठवायला पुन्हा त्यांच्याचकडे 'हरकत नाही' मागावी लागली. ती मिळाली, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया अलिप्त राहिले, पण त्यांनी मतदान मागितलं नाही.

उलट बाजूनेही घडलंय. डिसेंबर २००७ मध्ये अर्थसंकल्पावर मतदान झालं आणि १४२ विरुद्ध १ असा निकाल लागला. तो एक अमेरिकेचा. २०२० च्या शेवटच्या दिवशी १६८ विरुद्ध २, अमेरिका आणि इस्रायल. दोन्ही वेळा एक मोठं कारण वंशवादाविरुद्धच्या डर्बन परिषदेच्या पाठपुराव्याचा खर्च होतं, एकूण रकमेच्या मानाने अगदी लहान. राजकीय मुद्दा छोट्या रकमेत दडलेला असतो, मोठ्या रकमेत सहसा नाही.

लहान मतभेद वेगळा काढून बाकीचं वाचवायची रीतही शिकण्यासारखी आहे. लेबनॉनमधल्या शांतिसेनेच्या ठरावात दर जूनमध्ये काना इथल्या शांतिसेनेच्या तळावर १८ एप्रिल १९९६ रोजी इस्रायली तोफगोळे पडले त्याबद्दल इस्रायलने ११,१७,००५ डॉलर भरावेत असा परिच्छेद असतो, आणि वर्षानुवर्षं त्यावर मतदान झालेलं आहे. निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक. तेवढं मतदान होतं, भूमिका नोंदल्या जातात, आणि इतर मोहिमांचे ठराव मतदानाविना पुढे जातात.

पायरी ९: मंजुरी म्हणजे रोकड नव्हे

जानेवारीत बिलं निघतात आणि ३० दिवसांत पैसे भरायचे असतात. वेळेवर पूर्ण भरणाऱ्यांची नावं मानाच्या यादीत झळकतात; भारताचं नाव तिथे नेमाने दिसत आलंय. पण मोठे देणारे उशिरा किंवा अर्धवट देतात, तेव्हा मंजूर अर्थसंकल्प कागदावर राहतो. २०१९ च्या शरदात रोकड इतकी आटली की मुख्यालयातले सरकते जिने बंद ठेवले गेले आणि प्रवासावर मर्यादा आल्या. पैसे उशिरा आल्यामुळे न खर्चलेली रक्कम नियमानुसार सदस्यांच्या खात्यात परत जमा करायची असते. या नियमाबद्दल सरचिटणीस गुटेरेस यांनी वारंवार तक्रार केली आहे, आणि मला ती रास्त वाटते.

१९ वं कलमही दर जानेवारीत जागं होतं. काही छोटे, अडचणीतले देश मत गमावतात. कोमोरोस, साओ टोमे आणि प्रिन्सिप, सोमालिया अशा देशांना परिस्थिती बघून आमसभेने सवलत दिलेली आहे, आणि त्या सवलतीचा ठराव ऑक्टोबरमध्ये समितीच्या अगदी पहिल्या कामांत येतो. नव्या माणसाला मी तोच ठराव सांभाळायला सांगतो. आकडे थोडे, मजकूर एका पानाचा, आणि समोर एक खरा देश असतो ज्याचं मत त्या पानावर अवलंबून असतं.

सुट्टीवर जाण्याआधी एक काम करा. कोणते परिच्छेद कोणाच्या सांगण्यावरून गळले, आणि कोणते विषय 'पुढच्या भागात घेऊ' म्हणून ढकलले, याची एक पानी नोंद त्याच आठवड्यात, आठवण ताजी असताना, लिहून ठेवा. मार्चच्या पहिल्या बैठकीला ती सोबत न्या. पुढे ढकललेलं सगळं तिथेच परत समोर येतं.